सहावा फर्मा

कादंबरीचे सगळे फर्मे जुळवून झाले आणि सहाव्या ढिगात सहा घड्या जास्तीच्या उरल्या, तेव्हा छापखान्यात बांधणीचं काम करणाऱ्या बाईंनी त्या पुन्हा मोजून पाहिल्या. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. असे बारा फर्मे एकावर एक लावायचे, मग शिलाई, मग कव्हर. फर्मा उरला म्हणजे तो कुठल्या तरी प्रतीत गेलेला नाही. बाईंनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे घरातल्या वाळवीवरचं एक माहितीपर पुस्तक जुळवायला ठेवलं होतं. तोच कागद, तोच आकार. त्याच्या सहाव्या ढिगातल्या घड्या मोजल्या, तर नेमक्या सहा कमी.

गेल्या आठवड्यात घाईघाईनं बांधून पाठवलेल्या कादंबरीच्या सहा प्रतींत वाळवीचा फर्मा गेला होता. पाच गेल्या समीक्षकांकडे, एक खुद्द कादंबरीकाराकडे. बाईंनी घडीच्या कोपऱ्यातला सहाचा आकडा पाहिला होता, मजकूर पाहिला नव्हता. पाहायचा तरी कशाला? नायक खिडकीशी उभा राहून उसासे टाकतो आणि भेटेल ती बाई त्याच्यावर भाळते, एवढं त्यांनी पहिल्या दोन फर्म्यांत वाचलं होतं आणि कादंबरी निकालात काढली होती.

शितावरून भाताची परीक्षा करण्यात बाई कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. बावीस वर्षं घड्या घालता घालता त्यांनी भल्याभल्यांना उभं-आडवं जोखलं होतं. आत्मचरित्र म्हणजे दोन फर्मे गरिबी आणि दहा फर्मे सत्कार. यशाचा मार्ग दाखवणाऱ्या पुस्तकांना त्या ‘एका फर्म्याचा माल’ म्हणत, बाकीचा भुसा. रहस्यकथेतला खुनी त्यांना तिसऱ्या फर्म्यात कळे, पोलिसांना शेवटच्या. सध्या टेबलावर असलेल्यांपैकी वाळवीच्या पुस्तकाबद्दल तेवढा त्यांना थोडा आदर होता. निदान खोटं तरी बोलत नव्हतं.

“कुणाकुणाला माहीत आहे?” बाईंनी जाऊन चूक सांगितली, तेव्हा छापखान्याच्या मालकांनी दबक्या आवाजात विचारलं.

“तुम्हाला आणि मला.”

“तिसऱ्याला कळलं, तर उद्यापासून येऊ नका. त्या सहा घड्या रद्दीत टाका आणि गप्प बसा.”

बाई घड्या घेऊन रद्दीच्या पोत्याकडे निघाल्या. जाता जाता सवयीनं वरची उघडली. वडील गेल्यावर दोन भाऊ त्यांच्या खोलीत येतात आणि वर्षानुवर्षं अडकून बसलेली खिडकी मोकळी करायला घेतात. सोळा पानं दुसरं काही नाही. धाकटा चौकट धरतो, मोठा रंधा मारतो. वडिलांचं नाव कुणी काढत नाही. शेवटी खिडकी उघडते, तर धाकटा म्हणतो, “दादा, आता लाव परत.” बाईंनी पोत्याशी उभं राहून ते दोनदा वाचलं. जेवणाची सुट्टी होऊन संपलीसुद्धा. डबा तसाच राहिला.

मग त्यांना राग आला. ज्या माणसाला हे लिहिता येतं, त्यानं उरलेले अकरा फर्मे उसासे टाकण्यात घालवावेत? आणि स्वतःची लाजही वाटली. न वाचता निकाल देणाऱ्यांत आपणही आलो, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. त्या सहा घड्या पोत्यात गेल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी कादंबरीकार आला तो हवेत तरंगतच. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. बसायला सांगण्याआधीच वाचायला लागला.

“ऐका. ‘मध्यावर वाळवीचं जे रूपक येतं, ते अंगावर काटा आणतं. पोखरल्या जाणाऱ्या नात्यांवर लेखक थेट बोलत नाही, तो फक्त औषधाचं प्रमाण सांगतो. इतकी निर्दय, कोरडी भाषा आपल्या कादंबरीत क्वचितच आली असेल.’”

“वा!” मालक म्हणाले आणि बाईंकडे बघायचं त्यांनी कटाक्षानं टाळलं.

बावीस वर्षांची नोकरी एका वाक्यात जाणार, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. तरी त्या उठल्या.

“साहेब, ती वाळवी तुमची नाही. दुसऱ्या पुस्तकातली आहे. चूक माझी. सहा प्रतींतून तुमची खिडकी गेली आणि तिच्या जागी वाळवी आली.”

मालकांनी कपाळावर हात मारला. कात्रणाची नीट घडी घालून कादंबरीकारानं ती खिशात ठेवली.

“काल माझी प्रत उघडून पाहिली मी,” तो म्हणाला. “बाकीच्या प्रती शिवून झाल्या?”

“अजून नाही,” मालक घाईनं म्हणाले. “फर्मा बरोबर लावलाय त्यांत. अगदी काळजी करू नका.”

“नाही, तसं नाही.” त्यानं घसा खाकरला. “त्यांतही वाळवीच घालता येईल का?”

मालकांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी मात्र सहावा फर्मा आणून त्याच्यापुढे उघडून ठेवला.

“आणि ह्याचं काय करायचं?”

“ते राहू द्या हो, बाई. ते कोण वाचतंय?”

“तुम्ही वाचलंत?”

“मी लिहिलंय ते!”

“ते दिसतंय,” बाई म्हणाल्या. “वाचलंत का, विचारतेय.”