निहारी टाकोवर तालीम

दुपारी अडीच वाजता अर्ज नामंजूर झाला. पण तसं काही झालेलंच नाही असं आपण धरून चालू. कारण सकाळी अकराला तौकीर शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या जुल्फीभाईच्या चार टेबलांच्या हॉटेलात बसला होता आणि त्याला थोडीफार आशा होती.

समोर राशिदा. मध्ये केचप, पुदिन्याची चटणी आणि इमिग्रेशनवाले नवराबायकोला वेगवेगळं बसवून विचारतात त्या प्रश्नांची यादी. आज उत्तरं जुळली नाहीत तर राशिदाला देश सोडावा लागणार होता.

"एकमेकांसाठी मागवा बघू," जुल्फीभाई म्हणाला. "गेल्या महिन्यात याच टेबलावर एका जोडीनं पाठांतर केलं. ओळख अकरा दिवसांची. पास!"

तौकीरनं तिच्यासाठी मक्याच्या पोळीत निहारीचं मटण भरलेला टाको सांगितला, मिरची जास्त. तिनं त्याच्यासाठी आंब्याचा मिल्कशेक.

पहिल्याच घासाला राशिदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला तिखट सोसत नाही."

"मला शुगर आहे," तौकीर ग्लास सरकवत म्हणाला.

"कधीपासून?"

"सहा वर्षं."

"थांबा, लिहून घेते."

मग तिनं पुढचा प्रश्न वाचला. "घोरतं कोण?"

राशिदानं पेन उघडलं.

"कुणीच नाही, लिहा," तौकीर म्हणाला.

"आणि मी घोरत असले तर?"

"मी कुठे ऐकायला असतो?"

जुल्फीभाईनं कपाळाला हात लावला. "राशिदाबाजी, निदान हे चहा कसा पितात तेवढं तरी सांगा!"

"संध्याकाळी थर्मास रिकामा सापडतो," राशिदा म्हणाली. "पितात की ओततात, अल्ला जाणे."

"अहो, खोटं लग्न करायलासुद्धा थोडी मेहनत लागते!"

तौकीरनं राशिदाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. मग त्यानं ग्लास पुन्हा ओढला आणि मिल्कशेक एका दमात पिऊन टाकला.

अडीच वाजता, इमिग्रेशनच्या ऑफिसात, जे झालंच नव्हतं ते झालं.

"कागद ठीक आहेत," अधिकारी बाई म्हणाल्या. "पण एकमेकांना इतकी अनोळखी दोन माणसं मी एका अर्जावर कधी पाहिली नाहीत."

बाहेरच्या बाकावर बसून तौकीरनं प्रश्नांची यादी उलटी केली आणि पाठीमागे लिहायला घेतलं.

"नीट लिहा," राशिदा म्हणाली. "आधी 'महोदया' घाला."

त्यानं घातलं.

"महोदया, आमच्या विवाहास एकोणीस वर्षे पूर्ण झाली असून, या काळात मी रात्रपाळीस टॅक्सीवर होतो व पत्नी दिवसपाळीस लॉन्ड्रीत होती. सबब, फेरविचारापूर्वी आम्हां उभयतांस पुढील एकोणीस वर्षे एकाच पाळीत ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती."