नाव घ्या

काचेपलीकडच्या बाईने पासपोर्टचं शेवटचं पान उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि वाल्मीकअण्णांना काहीतरी विचारलं.

"अण्णा, बायकोचं नाव विचारतायत," त्यांची सून वैष्णवी म्हणाली.

अण्णांनी काचेकडे पाहिलं, मग सुनेकडे.

बँकॉकमधली लाओसची वकिलात होती. रोहितची, म्हणजे अण्णांच्या मुलाची, नोकरी बँकॉकला. सुट्टीत सगळ्यांनी लाओसला जायचं ठरलं होतं, आणि नाशिकरोडहून आलेल्या वडिलांना घरी एकटं सोडून जायला तो तयार नव्हता. बाकीच्यांचे व्हिसा झाले होते. अण्णांचा राहिला होता.

"मी सांगते," म्हणत वैष्णवी पुढे झाली. बाईने नकारार्थी मान हलवली. अर्ज ज्याचा, उत्तर त्याचं.

सिंधुबाई गेल्यापासून ते नाव अण्णांच्या तोंडून निघालं नव्हतं. ती असतानाही निघत नसे. नामपूरला त्यांच्या घरात बायकोला नावाने हाक मारायची रीत नव्हती. पुढे एकलहऱ्याला वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये आले, शेजारीपाजारी बायकांना नावाने बोलवायचे, तरी अण्णांची जीभ काही वळली नाही. "ऐकलं का" म्हटलं की ती यायची.

"बोला ना अण्णा. मागे लाइन आहे."

"तू सांग ना पोरी. तुला तं इंग्रजी येतं."

"नावाला कसली इंग्रजी?"

"तिथं लिहेल हाय ना? मंग काय विचारती?"

"पासपोर्टवरचा माणूस तुम्हीच का, ते बघायचंय त्यांना."

"मी नाय तं कोण? एवढ्या लांब दुसरा कोण येतोय मरायला!"

मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं. बाईने पासपोर्ट मिटला आणि बाजूच्या ट्रेकडे हात नेला. त्या ट्रेमध्ये ज्यांचे पासपोर्ट पडले, ते सगळे हात हलवत परत गेले होते. वैष्णवीने ते सकाळपासून पाहिलं होतं. ती घाबरली.

"अण्णा, नाव घ्या!"

घ्या, म्हणाली. सांगा, असं नाही.

अण्णांनी सुनेकडे चमकून पाहिलं. मग डोक्यावरची टोपी सारखी केली. सदरा खाली ओढला. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाला उभं करतात तसे ते ताठ उभे राहिले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"नामपूरच्या बाजारात कांद्याची रास,
सिंधूला भरवतो जिलबीचा घास!"

वैष्णवीने डोळे मिटून घेतले. रांगेतलं कोणीतरी खुदकन हसलं. काचेपलीकडचा हात ट्रेवर तसाच थांबला.

"हे सगळं नाव?" बाईने इंग्रजीत विचारलं.

"नाही, नाही." वैष्णवीचे कान लाल झाले होते. "आमच्याकडे नवरा बायकोचं नाव नुसतं घेत नाही. लग्नात घ्यायला लावतात, तेही असं दोन ओळींत घालून. कांदा काढा, जिलबी काढा. राहिलं ते नाव."

बाई हसली नाही. तिने पासपोर्ट पुन्हा उघडला. पहिल्यांदाच अक्षरं वाचतेय अशी एकेका अक्षराखालून बोट नेत, समोरच्या माइकमध्ये तिने वाचलं.

"सिन्... धू... वाल... मिक... अहि... रे."

तिचा माइक सगळ्या हॉलला जोडलेला होता. नाव छतातल्या स्पीकरमधून बाहेर पडलं. खुर्च्यांवरची माणसं मोबाइलमधून डोकं काढून वर बघायला लागली. अण्णाही वर बघत होते. जे नाव नामपूरच्या घरातल्या भिंतींनी कधी धड ऐकलं नव्हतं, ते इथे परक्या मुलखात, परक्या बाईच्या तोंडून, डोक्यावरून पडत होतं.

"परत म्हणा म्हणावं," अण्णा हळूच म्हणाले.

"अण्णा, काय चाललंय?"

"एकदाच, पोरी. एवढं सांग त्यांना."

वैष्णवीने सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता ती काचेकडे वळली. तिने काय सांगितलं ते अण्णांना कळलं नाही. बाईने अण्णांकडे पाहिलं. मग तिने माइक जवळ ओढला. या वेळी तिने नाव तोडलं नाही. एखाद्याला बोलवावं तसं मोठ्याने म्हणाली,

"सिंधू वाल्मीक अहिरे!"

बाहेर सावलीला थांबलेल्या लोकांना पुकारा झाला की आत सोडायचं, हे दारावरच्या रखवालदाराचं काम. त्याने काचेचं जड दार उघडलं, बाहेर डोकावून पाहिलं, आणि येणाऱ्यासाठी ते हाताने धरून तो उभा राहिला. बाहेरची गरम हवा आत आली.

काचेपलीकडे शिक्का वाजला. "झालं अण्णा! मिळाला व्हिसा," वैष्णवी म्हणाली. "चला."

अण्णांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते दाराकडे बघत होते, आणि खिडकीसमोर एका बाजूला सरकून त्यांनी आपल्याशेजारी एका माणसापुरती जागा केली होती.