संहितेत नसलेली बेल

नाटकातला फोन मुका असतो; विंगेत बसून बटण दाबून तो मी वाजवते. शनिवारी आमचे नायक मधेच वाक्य विसरले. त्यांना घाम फुटला, प्रेक्षक चुळबुळायला लागले, म्हणून मी बेल दिली. त्यांनी रिसीव्हर उचलला, उगाच "हं, हं" केलं, तेवढ्यात वाक्य आठवलं आणि टाळ्याही घेतल्या. नाटक संपल्यावर सगळ्यांसमोर माझ्यावरच खेकसले, "बाई, संहितेत नसलेली बेल वाजवायला कुणी सांगितलं? सीन घालवलात माझा. यापुढे लिहिलंय तेवढंच करायचं." बारा वर्षांत माझी एकही बेल चुकली नव्हती, अंगाचा नुसता तिळपापड झाला. आज ते पुन्हा तिथेच अडकले. फोनकडे पाहिलं, मग विंगेत माझ्याकडे, अगदी काकुळतीला येऊन. मी बटणावरचं बोट उचललं आणि मांडीवरची संहिता त्यांना दिसेल अशी धरली. ते एकतिसाव्या पानावर होते. बेल बेचाळिसाव्यावर होती.