सकाळची आणि रात्रीची

"गोळी रोज आठवणीनं देते, तरी ह्यांच्या हिरड्यांतून रक्त येतंच. औषधच भेसळीचं असणार," अण्णांच्या खाटेला टेकून त्यांची बायको कुरकुरली.

वॉर्डातल्या फार्मासिस्ट चिमोटेबाईंनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं. "दिवसाला एकच ना? जास्त झाली तर जिवावर बेतेल. घरी कोण देतं?"

"मीच, सकाळी."

"मी देते, रात्री," सून खिडकीकडे बघत म्हणाली.

"अहो, दोघी? एकमेकींना विचारलं नाहीत?"

सासूबाई पदर सारखा करू लागल्या. सुनेनं फोन काढून त्यात डोकं घातलं.

बाई खाटेकडे वळल्या. "अण्णा, तुम्ही तरी सांगायचं, एक घेतली म्हणून!"

"कसं सांगू, बाई? दिवाळीपासून ह्या दोघी बोलत नाहीत. एकीला नको म्हटलं, की मी दुसरीला फितूर झालो!"