पहिला पाहुणा

"अहो, पेन्शन जवळ आली असताना राजीनामा? आणि सुटलेल्या खुन्यांना आपल्या घरात ठेवायचं?" रूथनं कणकेची परात ओट्यावर आदळली.

तुरुंगाधिकारी असलेले तिचे पती विल्सन ओहोळ शांतपणे म्हणाले, "अगं, प्रभू बंदिवानांना भेटायला सांगतो. मी रोजच भेटतो, पण फक्त कोंडून ठेवायला. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला कुणी दारात उभं करत नाही. त्यांना कुणीतरी आपलं म्हणायला हवं ना?"

सरकारी बंगला सोडून दोघं श्रीरामपूरजवळच्या आपल्या लहानशा घरी राहायला आले. पहिल्याच आठवड्यात विल्सन गेणूला घेऊन आले. तरुणपणी बांधाच्या भांडणात त्याच्या हातून खून झाला होता. सुटून तो गावी गेला, तेव्हा सख्ख्या भावांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं.

रूथनं त्याच्याकडे न बघताच पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. दुपारी तिनं जेवण वाढलं, तेव्हा गेणूनं आपलं ताट उचललं आणि तुरुंगातल्या सवयीनं कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसला. विल्सन त्याला उठवायला निघाले, पण रूथनं त्यांना हातानं थांबवलं. तिनं स्वतःच्या शेजारची खुर्ची ओढली.

"भाऊ, इथं बसा. या घरात सगळे एकत्र जेवतात."

गेणू संकोचत खुर्चीच्या कडेवर टेकला. विल्सननी प्रार्थनेसाठी डोळे मिटले. पण त्यांच्या आधी रूथनंच प्रार्थना सुरू केली, आणि तिनं पहिलं नाव घेतलं ते गेणूचं.