घट्ट की पातळ?

शर्यतीच्या गाडीतलं जुनं इंजिन ऑइल काढून झालं आणि बापलेकीची जुंपली. गाडी बांधणारा बाप म्हणे, "ऊन बघ केवढं! इंजिन तापणार, घट्टच तेल घाल." गाडी चालवणारी लेक म्हणे, "वेग हवाय बाबा, पातळच हवं." तासभर दोघंही हटेनात. शेवटी बापच विरघळला. 'चालवणार ती, घालू दे तिच्या मनासारखं,' असं पुटपुटत तो चहाला निघून गेला.

पहिल्याच फेरीत इंजिन धूर ओकून जाम झालं. बाप धावत सुटला, "तरी घसा फोडून सांगत होतो, पातळ तेल नको!"

लेकीने हेल्मेट काढलं.



"मी कुठे घातलं? म्हटलं, एकदा तरी तुमचं ऐकावं... तुम्ही घट्टच घातलंत ना, बाबा?"