काळपट गाठी
बारा जून, सकाळचे साडेदहा, प्रयोगशाळेत चोवीस फ्लास्क. आज चाचणीत कर्करोगावरचं औषध सापडलं तरच सदाफुलीच्या पेशी कारखान्यात जाणार होत्या, नाहीतर भट्टीत. वृद्ध तंत्रज्ञ निर्धास्त होता. नऊ वर्षं, दर पंधरवड्याला, त्याने चिमट्याने पेशींच्या पांढऱ्या, टपोऱ्या गाठी निवडून नव्या फ्लास्कमध्ये वाढवल्या होत्या. काळपट, खुरट्या मात्र फेकल्या. "थोड्या काळपट राहू द्या, मधूनमधून तपासू," तिथेच नोकरीला असलेली सून म्हणे. "कचरा तपासतात होय?" तो हसण्यावारी नेई. चाचणीच्या यंत्रातून निकालाचा कागद बाहेर आला. "बाबा," ती म्हणाली, "औषध बनवता बनवताच पेशी काळवंडतात, खुंटतात. तुम्ही नेमक्या त्याच फेकल्यात. उरल्या त्या नुसत्या खाऊन फुगल्या." "घरीसुद्धा करपलेलं असंच फेकतो," म्हातारा पुटपुटला आणि चिमटा पुसत राहिला. नऊ वर्षांपूर्वीच्या पहिल्या फ्लास्कमध्ये आठ मिलिग्रॅम औषध होतं. आजच्या चोवीसांत मिळून शून्य.